बदलीचा बदली

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. अक्षय्य तृतीया होऊन महिना उलटला होता, त्या सोमवारी, सकाळी सात वाजता, सुरतेच्या लिंबायतमधल्या एका लूमच्या खात्याच्या दारात. हातात डबा होता, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते गेले होते, आणि त्यांना आत घेतलं नाही.

मी पत्रकं लिहिते. कामगारांचा आमचा एक छोटा गट आहे, त्याच्यासाठी. मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत. पत्रकात सुरुवातीलाच सांगायचं असतं, कुणावर, कधी, कुठे. त्या सोमवारी दुपारी मी कागद पुढे ओढला तेव्हा आप्पा म्हणाले, "मन्हं नाव नको. शेठनं नको. भाचानं त नकोच." ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव नाही आणि ज्याने केला त्याचंही नाही, असं पत्रक कुणी हातात धरत नाही. म्हणून ते राहिलं. हे लिहिते आहे ते त्याच्याऐवजी, आणि आप्पांची अट पाळून. घरात आम्ही अहिराणी बोलतो. सगळंच तसं लिहिलं तर निम्मे वाचक गळतील, म्हणून जिथे राहवलं नाही तिथेच ठेवलं आहे.

सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. आप्पा या एकाच खात्यात माझ्या जन्माआधीपासून आहेत. आई लग्न होऊन खान्देशातून आली तेव्हा ते ज्या ओळीत उभे होते त्याच ओळीत, त्याच खिडकीजवळच्या लूमवर. लूम एकदोनदा बदलले, शेठ बदलला, म्हणजे बापाच्या जागी मुलगा आला. आप्पा तिथेच. लूमच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले आहेत. घरी ते ओरडून बोलतात आणि त्यांना वाटतं आपण हळू बोलतोय. खात्यात कुणी कुणाशी बोलत नाही, हातांनी खुणा करतात. लहानपणी आम्हा बहिणींना या खुणा पाठ होत्या. शाळेत त्या फार उपयोगी पडायच्या.

सुरतेतच, पलीकडे पांडेसऱ्यातल्या खात्यांत नवी मशिनं आली होती तेव्हा आप्पांना बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. का, तर आईच्या पहिल्या बाळंतपणात जुना शेठ दवाखान्यात येऊन गेला होता. एवढंच. माणूस एकदा दवाखान्यात आला, त्यावर आप्पा पुढची सगळी वर्षं त्याच्या खात्यात राहिले. मला याचा राग यायचा, अजूनही येतो. पण ते मूर्ख होते असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. आपल्याला कुणीतरी ओळखतं, आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, यासाठी माणूस काय काय सोडतो हे मी दहा ठिकाणी पाहिलं आहे.

आता बदलीबद्दल सांगते, कारण सगळं त्यावर आहे. लूमवरचा कारागीर गावी जातो तेव्हा रजेचा अर्ज देत नाही. तो बदली देतो. स्वतःच एक माणूस शोधायचा, त्याला शेठपुढे उभं करायचं, हा माझ्या जागी, मी येईपर्यंत. लूम थांबत नाहीत. तुम्ही परत आलात की बदली बाजूला होतो. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळे पाळतात, म्हणून चालतं.

आणि यात एक शहाणपण आहे, ते सगळ्या कारागिरांना ठाऊक असतं. बदली आपल्यापेक्षा जरा ढिला ठेवायचा. अगदी नालायक नको, नाहीतर शेठ तुमच्यावर चिडेल. पण असा, की चार दिवसांनी शेठने विचारलं पाहिजे, "अरे तो कधी येतोय?" आप्पांच्या शेजारच्या ओळीतले एक काका आहेत, जळगावकडचे. ते दरवेळी आपल्या मेव्हण्याला बदली देतात. मेव्हणा लूमसमोर उभ्याउभ्या पेंगतो. काका गावाहून आले की शेठ स्वतः चहा मागवतो.

या वर्षी आजी गेल्यानंतरची पहिली आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची असते, आणि पहिल्या वर्षी ती मुलानेच भरायची. इतकी वर्षं आखाजीला आई आणि आम्ही मुली गावी जायचो, झोके खेळायचो, आप्पा लूमवर असायचे. या वेळी त्यांना जाणं भाग होतं. त्यांनी बदली दिला तो माझा आतेभाऊ.

काकांनी त्यांना समजावलं होतं. आमच्या ओट्यावर बसून, सुपारी कातरत.

"मामा-भाचा, ते ठीक आहे हो. पण त्याचा हात तुमच्यापेक्षा जोरात चालतो. असा बदली देतात का?"

"मग काय कापड खराब करणारा देऊ?" आप्पा म्हणाले.

"थोडं होऊ द्यावं खराब. तेवढी तुमची आठवण राहते."

"मन्हा लूमवर खराब कापड नही निघाव," आप्पा म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि समोरच्या घरातल्या बाईंनी दार लोटून घेतलं.

या आतेभावाची घरात कीर्ती अशी, की तो कुठेच टिकत नाही. माझ्यापेक्षा मोठा असून मला ताई म्हणतो, पत्रकं वाटते म्हणून चिडवायला. बमरोलीत चार पोरांबरोबर खोली करून राहतो आणि रविवारी जेवायला आमच्याकडे येतो. भरतकामाच्या मशिनवर होता, मिलमध्ये रंगखात्यात होता, इच्छापोरला ठेकेदाराकडे होता, मग पुन्हा लूमवर, मग पुन्हा दुसऱ्या लूमवर. प्रत्येक रविवारी आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आते कथा शे?" आता कुठे आहेस. आणि पोळी मोडत हा सांगणार, सोडलं मामा ते.

कारणं विचारली तर सांगायचा. एका ठिकाणी संडासाला कुलूप लावून किल्ली मास्तर, म्हणजे मुकादम, स्वतःच्या खिशात ठेवायचा. एका ठिकाणी शेजारच्या ओडिया पोराला मास्तरने कानाखाली मारली आणि सगळे खाली बघत राहिले. तिथून हा त्याच पाळीत डबा उचलून निघाला. एका ठिकाणचं कारण होतं, चहा पाणचट होता. "आई शप्पथ मामी, पेला हातात धरून बोटं दिसायची पलीकडची." आई हसायची. आप्पा हसत नसत. "तू असाच फिरत राहशील. पोरगी कोण देईल? पत्ता कुठला सांगायचा तुझा?"

हे खरंही होतं. पांडेसऱ्यातल्या एका खान्देशी घरातून बोलणं आलं होतं. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाकडे एकच विचारलं होतं, मुलगा कायम कुठे आहे? बोलणं तिथेच अडकलं होतं.

आप्पा आठ दिवसांसाठी म्हणून गेले. घागर भरली. आणि कावीळ झाली. डोळे हळद लावल्यासारखे. गावातून निघायला महिना लागला. फोनवर शेठ म्हणायचा, "काका, चिंता ना करो, भाणियो छे ने." भाचा आहे ना. आप्पांना ऐकून बरं वाटायचं. मलाही वाटलं होतं.

मग तो सोमवार. आप्पा पाळीला गेले आणि आम्ही भांडी घासत होतो तोवर परत आले. डबा खिळ्याला अडकवला. आईने विचारलं, "काय व्हयनं?" ते म्हणाले, "काही नही." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आजारपण सोडलं तर माझ्या वडिलांना मी दिवसाउजेडी झोपलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

काय झालं ते आम्हाला दुपारी शेजारच्या ओळीतल्या काकांकडून कळलं. शेठ दारात भेटला. हसून भेटला, तब्येत विचारली. मग म्हणाला, काका, आता तुम्ही आराम करा. या वयात कावीळ म्हणजे साधं नाही. तुमचा भाचा आहे, त्याला मी कायम करतो. घरची जागा घरातच राहिली, बरोबर ना? तुम्हाला वाटलंच तर दिवाळीनंतर बॉबिन भरायला या, बसून काम आहे. आणि तो गाडीत बसून कुठल्याशा लग्नाला निघून गेला, गुरुवारी येणार म्हणून.

शेठला वाटलं तो दया दाखवतोय. मला सगळ्यात जास्त हेच झोंबलं. शिवी दिली असती तर आप्पांनी उत्तर दिलं असतं. आरामाला काय उत्तर देणार?

संध्याकाळी आतेभाऊ आला. पाळी संपवून सरळ, अंगावर कापडाचं पांढरं तूस तसंच. दारातच उभा राहिला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लूम त ली लिधा. आते डबा बी ली जाय, खिळाले टांगेल शे."

मग मी बोलले. सगळं बोलले. ज्या ताटात रविवारी जेवतोस ते ताटही काढलं मी. आप्पा आत झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "झालं तुझं पत्रक?"

"अजून छापायचंय."

"मग ऐक. सकाळी मी मामांबरोबर उठून आलो असतो, तर दुपारपर्यंत तिथे तिसराच उभा राहिला असता. मास्तरचा पुतण्या आठवड्यापासून दारात घिरट्या घालतोय. एकदा तो चिकटला की मामा पण गेले आणि मी पण. मी जागा धरून ठेवलीय."

"आणि कायम?"

"ते शेठ शनिवारी म्हणाला. मी कुठे हो म्हणालो?"

"नाही तरी कुठे म्हणालास?"

त्याने बाहीवरचं तूस झटकलं. मग खरं बोलला. "दोन दिवस विचार केला ताई. खोटं कशाला सांगू. पांडेसऱ्याला निरोप पाठवायचा होता, मुलगा कायम झाला म्हणून. आणि ती ओळ चांगली आहे. खिडकीतून वारा येतो. मला कधी अशी जागा मिळाली नाही." चप्पल न काढताच तो उंबऱ्यापाशी बसला. "मला सोडायची हौस आहे असं तुम्हाला सगळ्यांना वाटतं."

आई आत गेली आणि चहा टाकला. दूध जरा जास्तच घातलं.

गुरुवारी तो सकाळी साडेसहाला आमच्या दारात आला. "मामा, डबा घ्या. चला." आप्पा नको म्हणत होते, कुणाच्या दारात भीक मागायला जात नाही म्हणत होते. तो म्हणाला, "मागायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं." मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

शेठ आला. देवाच्या फोटोला अगरबत्ती लावत होता तेव्हा आतेभाऊ त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. बाहेरच्या बाजूला लूमचा आवाज थोडा कमी असतो, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"शेठ, हुं जाउं छुं." मी चाललो.

शेठने मागे वळून पाहिलं. "क्यां?"

"बीजे." दुसरीकडे.

"अरे, तने तो कायम कर्यो."

"हो ना. पण माझं तुम्हाला माहीत आहे. मी टिकत नाही." हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की मास्तरने मान डोलावली. "पण रिवाज मोडत नाही मी, शेठ. बदली दिल्याशिवाय जात नाही. दिलाय बदली. दारात उभा आहे."

शेठने दाराकडे पाहिलं. दारात आप्पा होते, डबा घेऊन, गंध लावून.

"आ तो काका छे."

"हो. काम येतं त्यांना."

आत शेजारच्या ओळीतले काका तुटलेला धागा जोडायला वाकले होते. ते तसेच वाकून राहिले, हसू दाबताना खांदे हलत होते. शेठच्या हातात अगरबत्ती जळत होती. तो वाईट माणूस नाही, हे मी तेव्हा त्याच्या तोंडावर पाहिलं. त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून कुणी शब्द मागे घेतो असं नाही. त्याने विचारलं, "केटला दिवस माटे?" किती दिवसांसाठी?

"मी येईपर्यंत."

आप्पा आत गेले. खिळ्यावर भाच्याचा शर्ट होता, तो भाच्याने काढून घेतला, आप्पांनी आपला टांगला. मग भाच्याने मामाकडे बोट केलं, लूमकडे बोट केलं आणि तळहात छातीशी नेला. ही खूण खात्यात रोज होते. तिचा अर्थ, तुम्ही बघा, मी निघालो.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होईल. मी थांबणार नाही.

कारण आज माझे वडील त्यांच्याच लूमवर त्यांच्याच भाच्याचे बदली म्हणून उभे आहेत. केस पांढरे झाले, कान गेले, आणि हिशेबात ते तात्पुरते. पहिले काही आठवडे ते घरात कुणाशी धड बोलत नव्हते. एकदा जेवताना आईला म्हणाले, "इतला वरीस टिकनू, ते बदली व्हवाले?" आईने त्यांना भाजी वाढली. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकातलं होतं, म्हणून मी पाणी आणायला उठले. काका खात्यात त्यांना हाताने सलाम करायचे, बदलीसाहेब म्हणून. मग एका रविवारी, भाचा जेवायला येईना तेव्हा, आप्पांनी स्वतःच विचारलं, "तो काबर नही उना? ताट मांड त्यानं." आईने ताट मांडलं.

शेठ अधूनमधून आप्पांना विचारतो, "भाणियो क्यारे आवे छे?" भाचा कधी येतोय? आणि जन्मात खोटं न बोललेले माझे वडील सांगतात, "आवशे." येईल. तो येणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. तो जोवर येत नाही तोवर आप्पांची जागा आहे. अशा दोरीवर ती टांगलेली आहे. आमच्या गटाची मागणी साधी आहे: जो गावी गेला त्याची जागा त्याचीच, आणि हे एकदा कागदावर यावं. अजून आलेलं नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भाषण करत होते. आजची मुलं टिकत नाहीत, म्हणाले. आम्ही एका संस्थेत आयुष्य घालवलं. टाळ्या पडल्या. मला त्यांचा राग आला नाही, चांगले आहेत, आमच्या वस्तीतल्या मुलांना वह्या देतात. पण त्यांच्या टिकण्याखाली एक खुर्ची होती. ते आजारी पडले, परत आले, खुर्ची तिथेच होती. आप्पांच्या टिकण्याखाली काय होतं? एका शेठची दवाखान्यातली एक फेरी. दोघांनाही एकाच शब्दाने शाबासकी द्यायची, आणि मग ज्याच्या पायाखाली काहीच नाही अशा पोराला म्हणायचं की तू चंचल आहेस. हे मला चालत नाही.

पांडेसऱ्याचे ते मुलीचे वडील मध्यंतरी आमच्याकडे आले. मुलाचा मामा एका जागी टिकलेला माणूस आहे, तो खरं सांगेल, म्हणून आप्पांनाच विचारायला आले. त्यांच्या थोरल्या जावयाचा ठेका सुटला तेव्हापासून थोरली मुलगी माहेरी आहे, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्यांचं भय मला समजत होतं.

"सध्या कुठे आहे मुलगा?"

"इच्छापोरले," आप्पा म्हणाले.

"आणि त्याआधी लूमवर होता ना? तिथे कायम झाला होता असं कानावर आलं."

"व्हयना व्हता."

"मग सोडलं का?"

इतकी वर्षं त्याला टिक, टिक म्हणणारे माझे वडील पाहुण्यांच्या चहाकडे बघत राहिले. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मन्हासाठी सोडं." आणि सांगायला लागले. घागर, कावीळ, खिळ्यावरचा शर्ट. पाहुण्यांनी मध्येच हात वर केला. "म्हणजे सोडलं. हेच तर विचारत होतो." चहा संपवला, नमस्कार केला, चांगली माणसं आहात म्हणाले, आणि गेले. त्यानंतर निरोप नाही.

आतेभावाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं मामा, चहा तरी घट्ट होता ना?" आप्पा हसले. तो नाही हसला.

हे वाचणाऱ्यांत मुलगी द्यायला निघालेले असतील, टेबलापलीकडे बसून माणसं कामावर घेणारे असतील. तुमच्यासमोर असा एक जण येऊन बसेल, चार वर्षांत पाच जागा सोडलेला. त्याला किती जागा सोडल्यास ते विचारू नका. शेवटची जागा का सोडलीस ते विचारा. आणि तो सांगायला लागला की हात वर करू नका. त्याचं संपेपर्यंत ऐका.